तुझी वाक्यं मी पूर्ण करत होते

उज्ज्वला,

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि मी तुझ्यावर इतकी चिडलेली आहे की नीट रडलेसुद्धा नाही. शाळेत तुझ्यासाठी सभा झाली. मुख्याध्यापक म्हणाले, उज्ज्वलाबाई शांत होत्या, समंजस होत्या, कधी कोणाशी वाद घालत नसत. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हटलं, हे कोणाबद्दल बोलतायत? तुझ्याइतकी भांडकुदळ बाई अख्ख्या सिल्वासात मी दुसरी पाहिलेली नाही. मग लक्षात आलं की हे मुख्याध्यापक कोरोनानंतर बदलून आले. त्यांनी पाहिली ती नंतरची तू. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी मानेनंच नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं, बाईंना हुंदका आवरत नाहीये. मला राग आवरत नव्हता.

आपली ओळखच भांडणातून झाली. एकाच आठवड्यात आपण इथे रुजू झालो, मी डोंबिवलीहून आणि तू दापोलीकडच्या खेड्यातून. माझ्या फळ्यावर तारखेखाली ‘सिल्वासा’ आणि शेजारच्या वर्गात तुझ्या फळ्यावर ‘सेलवास’. मी म्हटलं, सरकारी कागदावर आहे तेच लिहावं. तू म्हणालीस, माणसं ज्या नावानं गावाला हाक मारतात तेच गावाचं नाव. मधली सुट्टी संपली, शाळा सुटली, कंपन्यांच्या बसगाड्यांतून वाट काढत आपण नदीच्या पुलापर्यंत आलो तरी तुझं चालूच. ही बाई मध्ये श्वास कधी घेते, असा प्रश्न मला तेव्हा खरोखर पडला होता. ‘ऐक गो सरिता, माझं झालेलं नाही अजून,’ हे तुझं पालुपद. तुझं कधी व्हायचंच नाही. तो वाद आपण पुढे वर्षानुवर्षं पुरवून पुरवून खाल्ला.

माझं लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, आता घरात बोलायला हक्काचं माणूस मिळेल. पण विनायक बोलणारा नव्हेच. कलेक्टर कचेरीत दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून आल्यावर त्याला शांतता हवी असायची, आणि रविवारी तू जेवायला आलीस की ती त्याला मिळायची नाही. आपलं जुंपलं की तो उठून चहा टाकायचा. निकाल लागायला बराच वेळ आहे हे त्याला ठाऊक असायचं. तू त्याला भावजी म्हणायचीस आणि भांडणात साक्षीला बोलवायचीस. तो कधीच साक्ष द्यायचा नाही. कधी मी जिंकायचे, पुष्कळदा तू जिंकायचीस, आणि हरलेलीनं भांडी आवरायची असा आपला रिवाज होता.

मग कोरोनाची ती दुसरी लाट आली. आम्हा दोघांना थोडा ताप येऊन गेला, तोंडाची चव गेली, परत आली. तुला मात्र दवाखान्यात ठेवावं लागलं. फोनवर तू ठणठणीत होतीस. तिथल्या आमटीला नावं ठेवत होतीस, माझ्या ऑनलाइन वर्गाच्या चुका काढत होतीस, आणि त्याच वेळी तुझ्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघून नर्सची पळापळ चालली होती. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो आणि माणसाला धाप लागल्याचं कळतही नाही. तो हसतो, बोलतो, मोबाइल बघतो. मला ते तेव्हा भयंकर विचित्र वाटलं होतं. आता वाटतं, लपवायचं कसं हे तुला त्या आजारानंच शिकवलं, आणि तू हुशार विद्यार्थिनीसारखं ते घोकून घेतलंस.

तू परत आलीस. अंगावरची साडी दुसऱ्या कोणाची असावी अशी दिसत होतीस. सुरंगीहून येणाऱ्या आपल्या शाळेच्या शिपाई लखमीबेननं दारातच तुझी दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, आणि त्या धुरानं तुला खोकल्याची उबळ आली. आम्ही सगळे हसलो. तूही हसलीस. माझ्या दृष्टीनं तिथे तो आजार संपला.

वर्गात तू नवीच पद्धत सुरू केलीस. वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि शेवटचा शब्द मुलांकडून घ्यायचा. ‘आपली दमणगंगा शेवटी जाऊन मिळते...’ आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, ‘समुद्राला.’ तेवढ्यात तू टेबलाला टेकलेली. हे आपण सगळेच शिक्षक थोडंफार करतो, पण तुझं जवळजवळ प्रत्येक वाक्य मुलंच पुरं करायला लागली. धडा वाचणं तू बंद केलंस, मुलं आळीपाळीनं वाचायची. घरी अहिराणी, वारली, गुजराती, हिंदी असं काहीही बोलणारी ती पोरं तुझ्या वर्गात घडाघडा मराठी वाचू लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं. मीसुद्धा ती पद्धत उचलली. मी तुला विचारलं होतं, हे कुठे शिकलीस? ‘सुचलं आपलं,’ म्हणालीस.

तीच सवय आपल्या बोलण्यात कधी शिरली, मला कळलं नाही. तू सुरुवात करायचीस, अर्ध्यावर थांबायचीस, माझ्याकडे बघायचीस आणि मी वाक्य पुरं करायचे. मला त्यात केवढं सुख वाटायचं. मी विनायकला सांगायचे, बघ, इतक्या वर्षांची मैत्री असली की असं होतं, हिच्या मनातलं माझ्या तोंडावर येतं. तो काही बोलायचा नाही. तो बोलत नाही म्हणून मी त्याला एरवीही टोमणे मारत होतेच, त्यामुळे त्या न बोलण्यात काही निराळं आहे हे मला कसं कळावं?

आणि मी जिंकायला लागले. दर रविवारी जिंकायला लागले. दोन वाक्यांत तुझा विषय संपायचा, ‘बरं बाई, तू म्हणतेस तर तसं,’ आणि तू हसायचीस. मी म्हणायचे, कोरोनानं हिला माणसात आणलं. मी म्हणायचे, तुझ्या मुद्द्यात आता पूर्वीचा दम राहिला नाही, उज्ज्वला. हाच शब्द, दम. किती वेळा म्हटला असेल मी तो तुझ्या तोंडावर. ‘दम असेल तर खोडून काढ माझं म्हणणं.’ एकदा मी हे म्हटलं आणि विनायकच्या हातातली बशी आपटली. मी त्याला वेंधळा म्हटलं. तू भांडी आवरायला उठलीस, कारण तू हरली होतीस.

आता त्या घराबद्दल. त्याशिवाय हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

तुझ्या घरमालकाला जुनं घर पाडायचं होतं. सामरवरणीला नवी इमारत उभी राहिली होती, तुला एक, आम्हाला एक असे शेजारी शेजारी दोन फ्लॅट मिळत होते, तळमजल्यावर आणि तिसऱ्या मजल्यावरही. मी तिसऱ्याच्या बाजूची. वारा येतो, धूळ कमी, कंपन्यांचा आवाज कमी. लिफ्टची जागा होती, लिफ्ट व्हायची होती, अजूनही व्हायचीच आहे. विनायक म्हणाला, खालचेच घेऊ. मी म्हटलं, तुला गुडघे दुखण्याआधीच म्हातारं व्हायचंय. मग मी तुझ्याकडे वळले. तू जिन्याच्या कठड्याला धरून उभी होतीस.

‘सरिता, तळमजल्यावर...’ एवढं म्हणून तू थांबलीस.

‘डास,’ मी म्हटलं. ‘बघ, हिलाही पटलं.’

तू माझ्याकडे बघितलंस. मग विनायककडे बघितलंस. आणि मान डोलावलीस.

ते आठवलं की मला अजून तुझा गळा धरावासा वाटतो. मी तुला वर नेलं. तुझं सामान वर नेलं, तुझे पडदे मी लावून दिले, आणि दोन्ही फ्लॅटची दारं उघडी टाकून वारा कसा आरपार वाहतो ते तुला दाखवलं. तू खुर्चीत बसून म्हणालीस, ‘छान आहे हवा.’ हवेबद्दल तू असं बोललीस आणि तुला हसूही आलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर पाटीलवहिनींच्या दाराबाहेर एक प्लॅस्टिकची खुर्ची असायची. पाटील इथल्या धाग्याच्या कंपनीत आहेत, धुळ्याकडचे. मला वाटायचं, गावाकडून कोणी म्हातारं माणूस येऊन राहिलं असेल, त्याच्यासाठी असेल ती. तुला स्मशानात पोचवून आम्ही परत आलो त्या दुपारी वहिनी ती खुर्ची आत ओढत होत्या. मला बघून पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, ‘मॅडम रोज आठे बसेत, ताई. पाणी पीत, मंग वर जात. त्यासनीच सांगेल व्हतं, वरच्या ताईले सांगजो नको.’

म्हणजे तू रोज तिथे टेकून मग वर येत होतीस, आणि वरच्या ताईला, मला, सांगू नका म्हणाली होतीस. त्यांनाही माहीत होतं. लखमीबेनलाही माहीत होतं, शाळेत तुझी पिशवी वर्गापर्यंत ती नेत होती. मला वाटायचं, तिचा तुझ्यावर जीव आहे म्हणून नेते. ते खरंच होतं, फक्त अर्धंच खरं होतं. सगळ्यांना काही ना काही माहीत होतं आणि मी, जी तुझी वाक्यं पूर्ण करत होते, त्या मला काही माहीत नव्हतं.

आणि विनायक. या हिवाळ्यात तुला साधी सर्दी झाली, सर्दीतून ताप आला, आणि पाहता पाहता तू दवाखान्यात मास्क लावून पडलेली. बाहेरच्या बाकावर डॉक्टरांनी मला विचारलं, फुफ्फुसांचा जुना त्रास होता का? मी ठामपणे सांगितलं, नाही, कोरोना झाला होता पण त्यातून पूर्ण बरी झाली. माझ्यामागून विनायक बोलायला लागला. कोणत्या साली स्कॅन झाला, पुढचा कधी झाला, कोणती गोळी चालू आहे, कोणती सोसली नाही म्हणून बंद केली, सगळं पाढे म्हणावेत तसं सांगत गेला. डॉक्टर माझ्याकडे बघायचं थांबले आणि त्याच्याशीच बोलू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस एका दमात इतकं बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

गाडीचं सर्व्हिसिंग. दर थोड्या दिवसांनी आमची गाडी सर्व्हिसिंगला वापीला जायची आणि मी म्हणायचे, त्यापेक्षा नवी घे. त्या गाडीत शेजारच्या सीटवर तू असायचीस. तुला तपासायला तो वापीला न्यायचा, आणि परतताना तू शाळेजवळ उतरून रिक्षानं घरी यायचीस. दोघांनी मिळून मला किती व्यवस्थित फसवलंत. दुसरं काही लफडं असतं तर मला कदाचित आधी संशय आला असता.

नंतर मी विनायकला समोर बसवून सगळं विचारलं. तो म्हणाला, निरोगी फुफ्फुस स्पंजासारखं असतं, तिचं बरंचसं चामड्यासारखं घट्ट झालं होतं. कोरोना गेला, पण जाताना आत चट्टे ठेवून गेला. हवा आत जायची, रक्तात पुरेशी उतरायची नाही. बसून असली की चालायचं, पण चालणं आणि बोलणं एकदम जमायचं नाही. लांब वाक्याला हवा पुरायची नाही. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं होतं आणि तू नाही म्हणालीस. मशीनला आवाज असतो. आपली भिंत एकच.

उज्ज्वला, तू श्वास नाकारलास, मला आवाज ऐकू येईल म्हणून. हे कोणत्या शहाणपणात बसतं?

मी विनायकला विचारलं, का? तो म्हणाला, मी हजारदा सांगितलं तिला, सरिताला सांग. ती म्हणायची, ‘भावजी, सगळे माझ्याशी हळू बोलतात. एक तीच मोठ्यानं बोलते. तिला कळलं की तीही हळू बोलेल.’ तिनं मला शपथ घातली होती, म्हणाला. मी म्हटलं, आणि तू ती पाळलीस. तो म्हणाला, हो. मग तो उठला आणि सवयीनं चहा टाकायला गेला. मी तो चहा घेतला नाही. अजून आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे, हेही तुझंच देणं समज.

खरं सांगायचं तर तुझा अंदाज बरोबर होता. मी हळूच बोलले असते. मी तुला सूप करून पाजलं असतं, तुझी पिशवी उचलली असती, ‘सेलवास’ तर ‘सेलवास’ म्हटलं असतं. तुला ते नको होतं, हे मला समजतं. आणि या वर्षांतल्या रविवारांबद्दल मी तुझी ऋणीही आहे. मला मैत्रीण होती, पेशंट नव्हती. तू माझ्या पुरणपोळीला पापड म्हणालीस, माझ्या नव्या चष्म्याला नावं ठेवलीस, विनायकच्या निवृत्तीच्या समारंभात त्याची नक्कल केलीस, अर्धीच केलीस, पण सगळी कचेरी हसली. ते दिवस तू मला दिलेस. त्यासाठी तू काय मोजत होतीस ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी ते मजेत घेतले.

पण मग निदान भांडायचंस तरी. भांडणासाठीच लपवलंस ना? आणि भांडण तर तू करतच नव्हतीस. लहान मुलाला पत्त्यात जिंकू देतात तसं मला जिंकू देत होतीस. मी मोठ्यानं बोलायचे आणि तू बसून ऐकायचीस, याला आपल्या भाषेत भांडण म्हणत नाहीत. तुला एक वाक्य पुरं बोलायला जमलं असतं. ‘सरिता, मला दम लागतो.’ एवढंच वाक्य आहे हे. मी मोजून बघितलंय, ते एका श्वासात होतं. ते तू वापीच्या डॉक्टरला म्हणालीस, माझ्या नवऱ्याला म्हणालीस, खालच्या पाटीलवहिनींना म्हणालीस. मला म्हणाली नाहीस आणि माझ्याच हातानं मला तुला तीन जिने चढवायला लावलंस. मी कोण झाले त्यात, याचा तू कधी विचार केलास?

परवा वर्गात नदीचाच धडा होता. माझ्याही नकळत मी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि पोरांनी ओरडून पुरं केलं. मी खडू ठेवून बाहेर आले. लखमीबेन पाण्याचा पेला घेऊन आली. तेव्हापासून वर्गात मी वाक्यं पूर्ण बोलते, लांबलचक बोलते. मुलं कंटाळतात. तुझ्या वर्गात वाचायची तितकं चांगलं वाचत नाहीत आता ती.

राहिलं एकच. दवाखान्यात बाकावरून उठून मी तुझ्याकडे आत आले, तेव्हा मला तुझ्या फुफ्फुसांचं नुकतंच कळलं होतं. मी भांडायलाच आले होते. तुला माझ्या चेहऱ्यावरून समजलं असणार. तू मास्क बाजूला केलास. नर्स नको म्हणत होती तरी केलास.

‘सरिता, मला तुझा...’

आणि मी, इतक्या वर्षांची सवय, मी लगेच म्हटलं, ‘आधार वाटतो. ठाऊक आहे मला. बोलू नकोस.’ आणि मास्क परत बसवला. तू हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. नुसती बघत राहिलीस, ज्या नजरेनं त्या जिन्यापाशी बघितलं होतंस तीच नजर. मग डोळे मिटलेस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, त्यानंतर तू कोणाशीच बोलली नाहीस.

आधार नव्हता तो शब्द. मला आता नक्की कळतंय. राग असेल. राग येतो म्हणायचं असेल तुला, या जिन्याचा, या वाऱ्याचा, दर रविवारी जिंकत सुटलेल्या माझा. किंवा कंटाळा असेल, किंवा हात हवा असेल नुसता. मी सगळे शब्द लावून बघितले. प्रत्येक बसतो.

काल संध्याकाळी मी हेच विनायकला सांगत होते. त्याच्याशी बोलत नाही असं ठरवलं होतं तरी सांगत होते, कारण दुसरं कोणाला सांगणार? त्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘ती काय म्हणणार होती ते मला माहीत आहे. गाडीत खूप वेळा म्हणायची. सांगू?’

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर दया होती. तो शब्द चांगलाच असणार, नाहीतर त्यानं विचारलंच नसतं. एका शब्दात माझी सुटका झाली असती, उज्ज्वला.

मी म्हटलं, ‘नको.’ तुला जे मला सांगायचं होतं ते तू गाडीत माझ्या नवऱ्याला सांगत होतीस. मी ते त्याच्या तोंडून ऐकणार नाही.